गौरीपुढचे कारंजे

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. दूधवाल्याने माप ओतले की मी दुधाचा थेंब नखावर घेऊन तो किती पळतो ते बघत असे. धोब्याकडून आलेल्या धोतराची किनार उलटसुलट करून आपलीच आहे ना याची खात्री करून घेत असे. रॉकेलच्या डब्यात काडी बुडवायची आणि ती भिजली तिथवर चाकूने खूण करून ठेवायची, हा तर रोजचा नेम होता. लग्न नवे होते तेव्हा बायकोला वाटायचे, मास्तर लोक असेच असतात. पुढे शाळेतल्या इतर मास्तरांच्या बायकांशी तिची ओळख झाली आणि तिला कळले की तसे काही नाही, हा एकच नमुना आपल्या वाट्याला आला आहे.

कारंज्याची हकीकत लग्नाच्या पहिल्याच वर्षातली. इंग्रजांचा अंमल होता. मी बुऱ्हाणपुरात शाळेत शास्त्र शिकवत होतो, आणि लालबागेच्या वाटेवर आमचे छोटेसे घर होते, पुढे अंगण, मागे विहीर. घरात आई, मी आणि बायको, अशी तीनच माणसे. बायकोची ती सासरची पहिली चैत्रगौर. चैत्रात गौर बसते ती अक्षय्यतृतीयेला उठते, आणि मधला एखादा दिवस ठरवून बायकांना हळदीकुंकवाला बोलावतात. आंब्याची डाळ, पन्हे, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी आणि गौरीपुढे जमेल तशी आरास. आदल्या वर्षी आमच्या ड्रॉइंग मास्तरांच्या घरी आरशाचे तळे करून त्यात कागदी बदके सोडली होती. त्या बदकांचे कौतुक महिनाभर चालले होते. ते ऐकून ऐकून माझे डोके उठले आणि मास्तरांच्या खोलीत मी बोलून गेलो, आरसा काय कुणीही मांडील, आमच्याकडे यंदा खरे पाणी उडेल. बायकोने कारंजे मागितले नव्हते. तिने एक मोठा पाट आणि दोन समया मागितल्या होत्या.

बोलून बसलो, आता करणे आले. फळ्यावर पंपाची आकृती मी दरवर्षी काढत असे. नळकांडे, दट्ट्या, दट्ट्यावर चामड्याची वाटी, खाली झडप. मुलांना पाठ करायला लावत असे. पण खरा पंप हातात धरायची वेळ कधी आली नव्हती. तेव्हा कुणीतरी जिनातल्या मिस्त्रींचे नाव सुचवले.

हे मिस्त्री कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, यंत्रे दुरुस्त करत. वय पन्नाशीच्या आत, पण खोकला ऐशीच्या म्हाताऱ्याचा. दिवाळीपासून होळीपर्यंत जिन चालते आणि तेवढे दिवस तिथल्या हवेत कापसाचा भुगा भरून राहिलेला असतो. वीस वर्षे तो भुगा त्यांच्या छातीत गेला होता. बोलता बोलता मध्येच थांबून भिंतीला हात टेकायचे, खोकला सरला की जिथे वाक्य सोडले तिथूनच पुढे बोलायचे. वैद्याने त्यांना साफ सांगितले होते की अजून दोन हंगाम जिनात काढलेत तर तिसरा दिसायचा नाही.

आमच्या मागच्या अंगणात विहीर बघून ते म्हणाले की एका बंद पडलेल्या कारखान्यातला हातपंप त्यांच्याकडे पडून आहे, तो ते बसवून देतील, आणि मजुरी घेणार नाहीत. मी कान टवकारले. मजुरी न घेणारा माणूस मला आजवर भेटला नव्हता. मग त्यांनी मनातले सांगितले. माझे मामा तेव्हा गावच्या कमिटीवर होते. लालबागेकडून गावात येणाऱ्या जुन्या पाण्याच्या नळांवर कमिटीला पाणी सोडणारा-बंद करणारा एक चावीवाला नेमायचा होता. मोकळ्या हवेतले काम, कापसाचा कण नाही. मिस्त्रींचा अर्ज गेला होता, पण ओळखीवाचून तो तसाच पडला असता. मामांनी एकदा येऊन त्यांच्या हातचे काम बघावे, एवढेच त्यांचे मागणे होते. पुढच्या दिवाळीला पुन्हा जिनाची पायरी चढावी लागू नये म्हणून ते हे करत होते. मी हो म्हटले. मनात मात्र ठेवले की या माणसाची गरज मोठी आहे, आणि गरजू माणसावर नजर ठेवलेली बरी.

पंप बसला. ओसरीसमोर अंगणात घंगाळ ठेवले, त्यात नदीतले गोटे रचले आणि मधोमध पितळेची बारीक तोंडी बसवली. पहिल्या दिवशी पंपाची नळी थेट तोंडीला जोडली. मी दांडा खाली दाबला तशी धार वळचणीपर्यंत उडाली, दांडा वर घेतला तशी मेली. गौरीच्या जागी ठेवलेला नारळ नखशिखांत भिजला, समई विझली आणि बायको पदराने तोंड पुसत आत गेली. ती हसत होती की चिडली होती ते मला कळले नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही.

मग मिस्त्रींनी माळवदावर तांब्याचा हंडा चढवला. पाणी आधी हंड्यात, तिथून तोटी लावलेल्या नळीने खाली. धार एकसारखी झाली, पण हंडा उतरत जाई तशी धारही उतरत जाई. मी तोटीपाशी बसून चावी जराजरा उघडत राहिलो, मिस्त्री पंप मारत राहिले. मी चावी उघडली की ते जोरात मारायचे, मी बंद केली की हळू. दोघांचे एकदाही जमले नाही. मी वैतागून म्हटले की यापेक्षा बदके बरी.

मिस्त्री खोकत खोकत माळवदावर गेले आणि हंड्याच्या काठाखाली चार बोटांवर त्यांनी एक भोक पाडले. चांगल्या हंड्याला भोक. त्या भोकाला दुसरी नळी लावून ती त्यांनी मागे विहिरीत सोडली. खाली येऊन म्हणाले, "आता लागतं त्यापेक्षा थोडं जास्ती मारायचं. जास्तीचं वरून विहिरीत पडून जाईल, हंडा तेवढाच ऱ्हाईल. ते पाणी पडून राहिलं तवर कारंज्याकडे बघायची गरज नाही, मास्तर."

आणि खरेच तसे झाले. तोटी एकदा लावून दिली ती दिली. धार वीतभर आणि वर चार बोटे उभी राहिली आणि हलेना. मागे विहिरीत टपटप आवाज चालू, पुढे कारंजे स्थिर. हे मला सुचायला हवे होते. मी शास्त्राचा मास्तर, आणि सुचले जिनातल्या मिस्त्रीला. कौतुक करायचे सोडून मी माळवदावर जाऊन ते भोक बघून आलो, की एवढे मोठे कशाला पाडले.

पंपाचा सगळ्यात जास्त आनंद आईला झाला. आई विधवा होती. घरातला स्वयंपाक तिचा, सोवळे तिचे. पहाटे ओलेत्याने विहिरीवर जायचे, रहाटाने पाणी ओढायचे, देवाचे आणि स्वयंपाकाचे पाणी दुसऱ्या कुणाच्या हातचे चालायचे नाही. उजवा खांदा दोन वर्षे दुखत होता. पंप बसल्यावर ती चार वेळा दांडा दाबायची आणि घागर भरायची. दोनतीन आठवडे मी तिला पंपाशी बोलतानाही ऐकले. त्या पाण्याचा नैवेद्य, त्या पाण्याचा स्वयंपाक, आणि मामा दर एकादशीला बहिणीच्या हातचे फराळाचे खायला येत तेही त्याच पाण्यावर.

मामांबद्दल एवढे सांगितले पाहिजे की सोवळ्याच्या बाबतीत ते आईपेक्षा कडक होते. एकदा एका पाहुण्याच्या घरी मोरीतून शिंतोडा उडाला म्हणून भरल्या पानावरून उठून आले होते. त्यांनी जेवण सोडले की त्या घरचे पाणी त्यांच्या ओळखीतली दहा घरे सोडत.

हळदीकुंकवाला आठ दिवस राहिले होते. संध्याकाळी शाळेतून आलो तर विहिरीपाशी आई आणि मिस्त्री बोलत उभे. मला बघताच दोघे गप्प झाले. आईने घागर उचलली ती रिकामीच. मिस्त्री पंपाचा दांडा पुसू लागले, जो पुसायची काही गरज नव्हती. मी आईला विचारले काय बोलणे चालले होते, तर म्हणाली, मी त्यांना पंप चुबुक चुबुक का वाजतो ते विचारत होते. मला ते पटले नाही. पंप कसा वाजतो हे विचारताना माणूस इतका पांढराफटक पडत नाही.

दुसऱ्या दिवशी आईने उपास धरला. कसला, ते सांगेना. आणि त्याच्या पुढच्या दिवशी पंप बंद पडला.

दांडा वरखाली होत होता, पण पाणी येईना. नुसता फुस्स आवाज. मिस्त्रींना बोलावले. त्यांनी पाना लावून वरची चकती उघडली, दट्ट्या बाहेर काढला, आणि माझ्याकडे पाठ करून बराच वेळ बसून राहिले. मग काहीतरी पटकन मुठीत घेऊन खिशात टाकले. मी विचारले तर म्हणाले, वाटी ढिली पडली, उद्या येतो. दहा मिनिटांचे काम आणि उद्या कशाला? मी वाकून बघितले तेव्हा चकतीच्या नटावर दातांच्या खुणा दिसल्या, कुणीतरी धसमुसळेपणाने पकड लावल्यासारख्या. कुठेतरी पाणी मुरतेय हे मला तिथेच कळले. त्याच आठवड्यात बायको तक्रार करत होती की नव्या सांडशीचे तोंड वाकले, पातेले निसटते. मी तिला म्हटले की मला मोठी काळजी आहे, सांडशीचे मला सांगू नकोस.

पुढचे चार दिवस विचित्र गेले. मिस्त्री यायचे, पंप उघडायचे, सुताच्या दोरीचा गुंडा आणि मेणाची वडी घेऊन बसायचे. संध्याकाळी पंप चालायचा, सकाळी बंद पडायचा. नटावर मी लाखेचा ठिपका देऊन त्यावर माझी अंगठी दाबून ठेवली, जसे टपालाच्या थैलीला करतात. शाळेतून आलो तर ठिपका फुटलेला. बायको म्हणाली, मिस्त्री येऊन गेले, सासूबाई तिथेच होत्या. मी आईला विचारले, ते काय करत होते. आई म्हणाली, आपल्याला यंत्रातले काय कळते.

मग मी ते केले जे आज लिहितानाही लाज वाटते. मिस्त्री विहिरीवर हातपाय धूत होते तेव्हा मी त्यांची पिशवी उघडली. पाना, हातोडी, सुताची दोरी, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली चामड्याची वाटी. गोल, तेल लावलेली, धडधाकट. आमच्याच पंपातली. तिच्या कडेला मी पहिल्या दिवशी शाईने खूण केली होती ती तशीच होती.

म्हणजे हे असे होते. चांगली वाटी पिशवीत, आणि पंपात दोरीच्या गुंडाळ्या. आधी चावीवाल्याची जागा पदरात पडू दे, मग कारंजे चालेल, असा या माणसाचा डाव आहे. मी बायकोला सांगितले. ती म्हणाली, तो माणूस पायरीवर बसून इतका खोकत असतो, त्याला डाव टाकायला दम तरी आहे का? मी म्हटले, तुला माणसे कळत नाहीत.

हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी मामा तापीच्या राजघाटावरून स्नान करून थेट आमच्याकडे आले. मिस्त्री तासभर आधीच हजर होते, धुतलेला सदरा घालून. ओसरीत गौर झोपाळ्यावर बसली होती, आई स्वयंपाकघराच्या दारात, बायको तिच्यामागे. मिस्त्रींनी दांडा धरला. धार चार बोटे वर आली, थरथरली, हवेचे दोन बुडबुडे थुंकले आणि बसली. त्यांनी पुन्हा मारले. पुन्हा चार बोटे, पुन्हा फुस्स. मामांनी उपरणे सारखे केले आणि माझ्याकडे बघितले.

मला राहवले नाही. मी मामांना सगळे सांगितले. पंप मुद्दाम बिघडवला जातोय, याचा चांगला भाग काढून पिशवीत ठेवलाय, मी डोळ्यांनी पाहिलाय, नोकरीची चिठ्ठी मिळेपर्यंत हे असेच चालणार. बोलताना माझा आवाज चढला होता. आपण केवढे हुशार आहोत याचा त्यात आनंद होता, हे मला आता कळते.

मामांनी मिस्त्रींना विचारले, "हा म्हणतो ते खरं का? पिशवीत काही आहे तुमच्या?"

मिस्त्रींनी मामांकडे बघितले नाही, माझ्याकडेही नाही. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितले. आई चौकट घट्ट धरून उभी होती. मग ते म्हणाले, "आहे, साहेब. चूक माझी आहे."

मामा उठले. जाता जाता मला म्हणाले की असा माणूस गावाच्या पाण्यावर बसवायचा नसतो, बरे झाले वेळेवर कळले. त्यांची पाठ वळताच मी मिस्त्रींना चालते व्हा म्हटले. तेव्हा आई दारातून बोलली. परक्या पुरुषासमोर एवढ्या मोठ्याने बोलताना मी तिला त्याआधी कधी ऐकले नव्हते.

"त्यांना घालवू नकोस. संध्याकाळी बायका यायच्यात. आणि तू बाजारात जा, कैऱ्या कमी पडतात."

कैऱ्यांची टोपली भरलेली मला दिसत होती. पण आईला आरास बिघडायची भीती वाटतेय असे धरून मी गेलो. तासाभराने आलो तर पंप बंद करून ठेवलेला, मिस्त्री निघून गेलेले. आई म्हणाली, उन्हे कलेपर्यंत दांड्याला हात लावू नकोस, आत भिजत पडू दे. काय भिजत पडू दे, ते तिने सांगितले नाही, आणि माझाही त्या दिवशी विचारायचा सूर नव्हता.

संध्याकाळी बायका आल्या. हळदीकुंकवात पुरुषाला जागा नाही, त्यामुळे मी मागच्या अंगणात विहिरीपाशी, पंपावर. दांडा दाबला तो जड लागला, आणि नळीत पाणी चढल्याचा घुमका आवाज आला. थोड्या वेळाने माळवदावरून विहिरीत टपटप सुरू झाली. मला पुढचे काहीच दिसत नव्हते. कारंजे किती उंच आहे, कुणावर उडतेय, समई आहे की विझली, काही नाही. मी फक्त ती टपटप ऐकत दोन तास पंप मारला. मध्ये एकदा बांगड्यांचा आणि हसण्याचा आवाज वाढला तेव्हा मला वाटले, फजिती झाली. ती झाली नव्हती. एक मोगऱ्याचे फूल घंगाळात पडून धारेवर नाचायला लागले होते. बायको मागे येऊन सांगून गेली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. मामी दोनदा पन्हे मागून प्यायल्या, हेही तिने सांगितले.

इतके होऊनही माझ्या मनात काय आले, तर हेच की बघा, चोरी उघडी पडताच कसा झक्कत चांगला भाग बसवून गेला.

चावीवाल्याची जागा पावसाळ्याआधी दुसऱ्याला मिळाली. दिवाळीनंतर मिस्त्री जिनात जाताना मला एकदा दिसले. त्यांनी नमस्कार केला, मी केला की नाही ते आठवत नाही.

वर्षभर पंप बिनतक्रार चालला. आई त्याच पाण्याने देवपूजा करत होती. पुढच्या चैत्रात हळदीकुंकवाआधी तो एकदा साफ करावा म्हणून मी स्वतःच पाना घेऊन बसलो, कारण मिस्त्रींना बोलावणे शक्य नव्हते. चकती काढली, दट्ट्या वर ओढला. त्यावर चामडे नव्हतेच. लोकरीच्या जाड कापडाची, एकावर एक घड्या घालून शिवलेली, मेणात बुडवलेली एक वाटी होती. पाण्याने फुगून ती नळकांड्यात गच्च बसली होती. टाका बारीक आणि सारखा होता. रंग तांबडा. तो रंग मी ओळखला. आईच्या सोवळ्यात नेसायच्या धाबळीचा तो तुकडा होता.

मी ती वाटी तळहातावर घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी गेलो. आई डाळ निवडत होती. तिने बघितले आणि सूप खाली ठेवले.

तिने सांगितले ते असे. पंप चुबुक चुबुक का वाजतो हे तिने खरेच विचारले होते. मिस्त्रींनी सरळ सांगितले, आत चामडे आहे. तीन आठवडे देवाच्या डोक्यावर तिने ते पाणी घातले होते, भावाला त्याच पाण्याचा फराळ वाढला होता. तिने उपास केला, पंचगव्य घेतले, आणि मी शाळेत असताना सांडशीने नट उघडून, चिमट्याने ते चामडे बाहेर काढून जुन्या धाबळीची चिंधी आत कोंबली. मिस्त्रींनी पंप उघडला तेव्हा त्यांच्या हाताला ती चिंधी लागली. ते समजले, आणि आईने विहिरीमागे टाकलेले चामडे उचलून त्यांनी आपल्या पिशवीत ठेवले. त्यांनी आईला शब्द दिला की गौर बसलीय तोवर, आणि पुढेही, या पंपात चामडे जाणार नाही, दुसरे काहीतरी करून देतो, आणि ही गोष्ट विहिरीच्या काठाबाहेर जाणार नाही. आधी त्यांनी सुताची दोरी गुंडाळून बघितली, ती रात्रीतून वाळून आक्रसायची. शेवटी आईनेच धाबळी फाडून दिली. ती वाटी त्या सकाळी शिवून तयार होती, पण मेण मुरून ती भिजायला दिवस जायला हवा होता, आणि मामा सकाळीच आले.

"तू बोलत होतास तेव्हा मी पुढं व्हायला हवं होतं," आई म्हणाली. "पण दादा उभा होता. त्याला चामडं कळलं असतं तर... भित्री निघाले मी. वर्षभर रोज पाणी भरताना मला तेच आठवतंय. चामडं नाही म्हणाले असते तर मला काही कळलं नसतं रे. विचारलं म्हणून त्यांनी खरं सांगितलं."

मी दरवर्षी फळ्यावर ती चामड्याची वाटी काढत होतो. आईचे सोवळे मी जन्मापासून बघत होतो. या दोन गोष्टी एकाच घरात, एकाच पंपात आहेत, हे माझ्या डोक्यात एकदाही आले नाही. दुधाचा थेंब मात्र मी नखावर घेऊन बघत होतो.

त्याच दुपारी मी मिस्त्रींकडे गेलो. जिनाचा हंगाम संपला होता. राजघाटाच्या अंगाला त्यांचे खोलीभर घर होते. ओट्यावर उशीला टेकून बसले होते. मला ओळखायला क्षणभर लागला, त्यांना नव्हे, मला. वर्षात माणूस अर्धा झाला होता. मी कागदात गुंडाळून नेलेली ती वाटी त्यांच्या पुढे ठेवली. त्यांनी ती उचलून बोटाने कडेवरून फिरवली, नखाने टाका तपासला.

"वर्षभर टिकली?" त्यांनी विचारले.

मी मान हलवली.

"मंग चामड्याची गरज नव्हतीच." ते खूष झालेले दिसले. मग खोकला आला, आणि तो सरेपर्यंत मी दुसरीकडे बघत बसलो. तापीचे पात्र उन्हात पांढरे पडले होते.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. त्या सकाळी चामड्याची वाटी त्यांच्या पिशवीत होती. मामा यायच्या आधी पूर्ण तास त्यांच्या हातात होता. दहा मिनिटांत ती आत बसवली असती, कारंजे वीतभर उडाले असते, मामा खूष होऊन गेले असते, आणि मामा गेल्यावर ती पुन्हा काढता आली असती. कुणाला कळले नसते. मी त्यांना हे विचारले. निदान मी आरोप केला तेव्हा तरी खरे का बोलला नाहीत, तेही विचारले.

मिस्त्री माझ्याकडे असे बघू लागले, जणू मी अगदी सोपी गोष्ट विचारतोय.

"बोललो असतो तर मायच्या हातचं पाणी कोण प्यालं असतं, मास्तर?"

मी म्हटले, मामांशी आजच बोलतो, दुसरे एखादे काम बघतो. मिस्त्रींनी हात हलवला. वैद्याने सांगितलेले दोन हंगाम अजून पुरे झाले नव्हते, पण ते पुरे व्हायची गरज उरली नव्हती, हे त्यांना आणि मला दोघांनाही दिसत होते. निघताना त्यांनी वाटी परत दिली आणि सांगितले की बसवायच्या आधी कोमट पाण्यात घाला, आणि वरून विहिरीत पाणी पडतंय ना एवढं ऐकत जा.

घरी आलो तेव्हा आई दारातच उभी होती. काय म्हणाले, तिने विचारले. मी संशयी माणूस आहे. खोटे बोलणाऱ्याचा चेहरा कसा होतो ते मला पाठ आहे, आणि तोच चेहरा आता आपल्याला सांभाळायचा आहे हे मला कळत होते. मी सांगितले की तब्येत बरी आहे त्यांची. ते चावीवाल्याचे काम त्यांना तसेही करायचे नव्हते, लालबागेची पायपीट झेपली नसती, राहिले ते बरेच झाले म्हणाले.

आईने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. वर्षभरात मी तिला इतकी मोकळी झालेली पाहिली नव्हती. मी वाटी कोमट पाण्यात भिजवून पंपात बसवली, तशी घागर घेऊन ती पंपाकडे गेली. खरेच असे म्हणाले का, एवढेसुद्धा तिने मला विचारले नाही.